तिच्या तोंडाची टिंगल

माझ्या बायकोचा आवाज माझ्याजवळ राहिलेला नाही. फोटो आहेत, लुगडी आहेत, तिची कवळीसुद्धा ताटलीखाली झाकून ठेवली आहे. आवाज मात्र एकाच जागी आहे, आणि तिथं त्याच्यावर लोक खदाखदा हसतात. ती गेल्यापासून मला एवढंच पाहिजे आहे, की तिचं बोलणं एकदा त्या हसण्याशिवाय कानावर पडावं. लय मोठी मागणी नाही. पण ती पुरी व्हायची नाही, हे मला आता कळून चुकलं आहे.

मी चौथी शिकलेला माणूस. तासगावच्या बाजूला लोकांच्या ट्रॅक्टरवर जन्म काढला. ती बेदाण्याच्या शेडवर कामाला होती. द्राक्षं जाळीवर वाळली की बायका ओळीनं बसून काड्या, कचरा, काळा मणी बाजूला काढतात, ते काम. बोटं चालू आणि तोंडही चालू. इथं लिहिताना मी जमेल तसं मास्तरांच्या भाषेत लिहितोय, पण तिच्या तोंडचं आहे तसंच ठेवतो. ते धुऊन घ्यायला मला जमणार नाही.

ती तोंडानं फाटकी होती. लपवून काय करायचं? सकाळी उठली की पहिली शिवी कोंबडीला, दुसरी नळाच्या पाण्याला, तिसरी मला. "आवं, तुमचा मुडदा बशिवला, च्या गार झाला की!" हे आमच्या घरचं भूपाळीसारखं होतं. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. ज्या दिवशी शिवी आली नाही, त्या दिवशी मी विचारायचो, "आज अंगात कणकण हाय का?"

शेडवर एक मुकादम होता. नवी पोरगी कामाला आली की वजन करताना मुद्दाम हाताला हात लावायचा. पोरगी लाजून गप्प. हिनं ते बघितलं आणि उठून त्याला शेडपासून डांबरी रस्त्यापर्यंत शिव्या घालत नेला. त्याच्या मिशीपासून सुरुवात केली आणि त्याच्या आज्याच्या लग्नापर्यंत गेली. रस्त्यावरची माणसं सायकली थांबवून ऐकत होती. मुकादम पुढं दहा हात लांब उभा राहून वजन करायला लागला. शेठनी तिला बोलावून सांगितलं, "मावशी, जरा तोंड सांभाळा." ती म्हणाली, "मी तोंड सांभाळते शेठ, तुमी त्येचा हात सांभाळा."

असली बाई होती.

तिचं माहेर सातारा जिल्ह्यातलं, फलटणच्या पलीकडं. तिथं एक रीत आहे, ती इकडच्या लोकांना सांगितली तर खोटं वाटतं. दोन गावं, मध्ये ओढा. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ह्या गावच्या बाया ह्या काठावर आणि त्या गावच्या त्या काठावर गोळा होतात, आणि हलगीच्या तालावर एकमेकींना शिव्या घालतात. हातवारे, टाळ्या, ठेका. त्याला बार म्हणतात. पूर्वी दोन सवती तिथं भांडता भांडता पाण्यात गेल्या, त्यांच्या नावानं हे चालतं. बार घातला नाही तर गावाला वाईट दिवस येतात, असं मानतात. बाप्यांनी मागं उभं राहायचं आणि तोंड मिटून ऐकायचं. वर्षभर ज्या बाया एकमेकींच्या दारात विरजण मागायला जातात, त्याच त्या दिवशी एकमेकींची सात पिढ्यांची लक्तरं काढतात आणि दुसऱ्या दिवशी परत विरजण मागतात. कुणी मनाला लावून घेत नाही. ती शिवी देवाच्या खात्यात जमा होते, असं माझी सासू म्हणायची.

लग्न झाल्यापासून माझी बायको पंचमीला माहेरी जायची ती ह्या बारासाठी. झोका, मेंदी ह्याचं तिला काही नव्हतं. आदल्या दिवशी उपास धरायची. बाराला जाताना डोक्यावरून न्हायची, कोरं लुगडं नेसायची, कपाळभर कुंकू लावायची. ओढ्याच्या काठाला पोचली की पाण्याला हात लावून तो डोळ्याला लावायची. मग तोंड उघडायची. मी मागं बाप्यांत उभा राहून बघायचो. तिचा आवाज जाड होता, झाडाच्या ढोलीतून आल्यासारखा. ती शिवी सोडायची ती थेट पलीकडच्या काठाला जाऊन लागायची. काही शिव्या लिहिण्याजोग्या नाहीत. पण पुष्कळ अशा होत्या, की त्यात घाण काहीच नव्हतं. "तुज्या भाकरीला पापुद्रा न्हाई यायचा गं!" "तुज्या दारात लग्नाचा मांडव पडंल आन् वाजंत्री वाट चुकंल!" ह्या तिच्या स्वतःच्या होत्या. दरवर्षी नवीन एक तरी करायची. शेडवर मणी निवडताना मनात जुळवत बसायची. मी विचारलं की म्हणायची, "तुमास्नी कशाला? तुमी पलीकडच्या काठाचं हाय का?"

काही वर्षांमागं तिथं मोबाईलवाले यायला लागले. एकानं हिचं सगळं टिपलं. मग ते मोबाईलवर फिरत फिरत आमच्या शेडवरच आलं. बायांनी तिला दाखवलं. तिनं बघितलं आणि म्हणाली, "माजं कुंकू बरं दिसतंय." एवढंच. तिला आनंदच झाला असावा. आपण बोललो ते लांबच्या माणसांनी ऐकलं, असं तिला वाटलं.

मग ते टीव्हीवर आलं.

हसवायचा कार्यक्रम असतो, तसला. त्यात एक बाप्या लुगडं नेसून आला. पोटाला उशी बांधलेली, दात पुढं लावलेले, कपाळावर कुंकवाचा केवढा तरी टिळा. खाली बसला तो तंगड्या फाकून. बोलायच्या आधी पदरात नाक शिंकरलं. आणि मग हिची ती भाकरीच्या पापुद्र्याची शिवी, हिच्याच ठेक्यात, हिच्यासारखाच हात उडवून. पण मध्येच कंबर अशी काही हलवली, की समोर बसलेले साहेब लोक खुर्चीतून पडायला आले. एक चांगल्या घरची दिसणारी बाई डोळे पुसत हसत होती.

आम्ही दोघं जेवत होतो. सून पोटुशी होती म्हणून आमच्याकडं आली होती, तीही होती. ती पहिल्यांदा हसली आणि मग सासूकडं बघून मान खाली घातली.

बायको घास हातात धरून बसली होती. शेवटी म्हणाली, "मी पदरात नाक कवा शिकरलं?"

मी म्हणालो, "त्यो येडा हाय. जेव तू."

"न्हाई पर मी कवा शिकरलं, सांगा की. तुमी चाळीस वरसं बगताय मला."

ती लय स्वच्छ बाई होती. नाकाला तिचा वेगळा फडका असायचा, कनवटीला खोचलेला. शिव्या दिल्या म्हणजे माणूस घाणेरडा असणार, बसायची रीत त्याला नसणार, पोट सुटलेलं असणार, दात पुढं असणार, असं ज्यांनी धरलं, त्यांना हा फडका कुठून दिसणार?

मी टीव्ही तसा कमी बघतो, पण इतक्या वर्षांत जे बघितलं त्यात आमच्यासारखं बोलणारा माणूस कोण असतो, ते सांगतो. भांडी घासणारी असते. ती मालकिणीच्या चुगल्या करते. हवालदार असतो. तो ढेकर देतो. गुंडाच्या मागं उभा राहणारा असतो. तो तंबाखू मळतो आणि पहिल्यांदा मार खातो. गावाकडची आत्या असते. ती लग्नात येऊन तमाशा करते आणि सगळ्यांची मान खाली जाते. ज्याच्यावर प्रेम करायचं तो माणूस स्वच्छ बोलतो. त्याचं गाव साताऱ्यात दाखवलं तरी तो पुण्यासारखंच बोलतो. त्याच्या आईला दुःख झालं की ती हळू रडते. आमच्याकडं बाई रडली की तीन गल्ल्यांत ऐकू जातं. म्हणजे आमचं दुःखही त्यांच्या लेखी हसण्यावारीच.

एकदा वाईकडं शूटिंगला माणसं पाहिजेत म्हणून एका कंत्राटदारानं आम्हां गड्यांना टेम्पोत घालून नेलं होतं. मी धुतलेला सदरा घालून गेलो. बायकोनं तांब्यात निखारे घालून इस्त्री केली होती. तिथं एक पोरगेला साहेब आला. त्यानं मूठभर माती घेतली आणि माझ्या सदऱ्याला चोळली.

मी म्हणालो, "साहेब, ही काय रीत?"

"आजोबा, गावातला माणूस दिसायला पाहिजे."

"मग मी कुठला हाय?"

तो हसला. म्हणाला, "आता गाडी जाईल, तेव्हा तुम्ही थुंकायचं."

"कुनावर?"

"कुणावर नाही. नुसतं थुंकायचं."

मी थुंकलो नाही. मला बाजूला बसवलं आणि माझ्या जागी दुसऱ्याला थुंकायला लावलं. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर त्या साहेबाला तिनं अशी शिवी हाणली की ती ऐकायला तो तिथं पाहिजे होता. तवा आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो. ह्या गोष्टी अंगावर घ्यायच्या नसतात, असं तिचंच म्हणणं होतं.

पण हे अंगावर आलं. टीव्हीवर ते झाल्यावर शेडवरच्या पोरी तिला ती भाकरीची शिवी त्या बाप्याच्या आवाजात म्हणून दाखवायला लागल्या. कंबर हलवून. प्रेमानंच असेल. शेठकडं बाहेरचे व्यापारी आले की शेठ हाक मारायचे, "मावशी, ते टीव्हीवरचं जरा करून दाखवा की." तिनं एकदा केलं. व्यापारी हसले, पण जरा हिरमुसलेच. एकजण म्हणाला, "टीव्हीवाला जास्त भारी करतो."

तिनं हे मला घरी येऊन सांगितलं. सांगताना एकही शिवी दिली नाही.

मग मुलाकडं पुण्याला गेलो, नातवाच्या बारशाला. मुलाची जागा मोठ्या इमारतीत आहे. लिफ्टमध्ये एक बाई हिच्याकडं निरखून बघत होती. म्हणाली, "काकू, तुम्हीच का त्या? मोबाईलवरच्या? म्हणा ना एकदा, माझ्या मिस्टरांना पाठवते." तिनं फोन वर धरला. बायको माझ्या मागं सरली. जन्मात माझ्या मागं न लपलेली बाई लिफ्टमध्ये माझ्या पाठीशी येऊन उभी राहिली.

वर गेल्यावर मुलगा म्हणाला, "आई, वाईट वाटून घेऊ नको, पण इथं जरा बेतानं बोल. तुझं काही चुकत नाही. लोकांना कळत नाही, एवढंच." तो चांगल्या मनानं बोलला. तिनंही चांगल्या मनानं ऐकून घेतलं. "व्हय बाबा," म्हणाली.

तिथून परत आलो आणि आमच्या घरात दुसरीच बाई राहायला आली. संध्याकाळच्या मालिका बघायची. त्यातली सासू कशी बोलते, ते ओठ हलवून बघायची. एकदा सकाळी माझ्यापुढं कप ठेवला आणि म्हणाली, "अहो, चहा घेताय ना?" मी वर बघितलं. थट्टा करतेय असं वाटलं. तिच्या तोंडावर थट्टा नव्हती.

"तुज्या जिबंला काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. चांगलं बोलायला काय हरकत आहे?"

"कुनापाशी चांगलं बोलतीस? मी हाय की."

"सवय लागते हो," ती म्हणाली.

कोंबडीला हाकलायची ती नुसता हात हलवून. कोंबडी जायचीही नाही. पंचमी आली. माहेरहून भावजयीचा फोन आला, "वन्सं, कवा येताय? पलीकडच्या काठाला लय माज आलाय औंदा." ही म्हणाली, "माझे पाय दुखतात. तुम्ही करून घ्या." फोन ठेवून भाजी निवडत बसली. पाय दुखत नव्हते. त्या दिवशी तिनं उपास धरला होता, हे मला रात्री जेवायला बसल्यावर कळलं. बाराला जायचं नव्हतं, पण उपास चुकवायला तिला जमलं नाही.

त्यानंतर तिच्या पोटात दुखायला लागलं. किती दिवस दुखत होतं, मला ठाऊक नाही. आधीची बाई असती तर कुसळ टोचलं तरी गल्ली गोळा केली असती. "मेले मेले, तुमचा मुडदा बशिवला, बघताय काय नुसतं!" असं ओरडली असती आणि मी लगोलग ट्रॅक्टर काढला असता. ही बाई पोटावर उशी धरून बसायची. विचारलं तर, "जरा गॅस झालाय." दुखणं मोठं, आणि सांगायचं मालिकेतल्या बायकांसारखं हळू आवाजात.

मिरजेच्या दवाखान्यात नेलं तवा बाकड्यावर बसवून ठेवलं होतं. गर्दी होती, त्यात कुणाचा दोष म्हणत नाही. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी उठून नर्सवर आवाज चढवला, "आवं बाई, बघा की जरा हिच्याकडं!" सगळे वळून बघायला लागले. तिनं माझा सदरा ओढला. "हळू बोला. लोक बघतायत. त्यांची कामं चालू आहेत ना." आम्ही बसून राहिलो. लोक दुखतंय म्हणून ओरडत होते, त्यांना आधी आत घेत होते. हे दिसत होतं आम्हांला. ती ओरडली नाही.

डॉक्टर भले होते. म्हणाले, लवकर आणायला पाहिजे होतं. "एवढं दुखत असताना बोलल्या कशा नाहीत?" त्यांनी मला विचारलं. मी काय सांगणार? टीव्हीवर एक बाप्या लुगडं नेसून आला म्हणून, असं सांगितलं असतं तर त्यांनी मलाच तपासलं असतं. आणि त्या एकाच कारणानं झालं असं मीही छातीवर हात ठेवून म्हणत नाही. पण दुसरं कारण मला अजून सापडलेलं नाही.

शेवटी शेवटी दुपारी मी तिच्या खाटेजवळ बसायचो. नळ्या लावल्या होत्या. एकदा मी तिच्या कानाशी वाकलो. म्हणालो, "एक शिवी दे की गं मला."

तिनं डोळे उघडले. जरा हसली.

"काहीतरीच काय," म्हणाली.

"दे की. कुनी न्हाई इथं. मी दार लावतो."

"नर्स येतील हो," ती म्हणाली आणि मान वळवली. त्यानंतर ती पाणी मागण्यापुरतं बोलली. तेही "पाणी द्या ना जरा" असं. दोन दिवसांनी गेली. तिला दोन वेळा घालवलं असं मला वाटतं, आणि पहिल्या वेळेला कुणी रडलंही नाही. उलट हसत होते.

दिवसकार्य झाल्यावर मुलाला म्हणालो, "मोबाईलवर आईचं बोलणं असंल तर लावून दे." त्यानं बारातलं ते लावलं. मी चष्मा पुसून बसलो. ती दिसली. कोरं लुगडं, कपाळभर कुंकू. तोंड उघडलं तिनं, आणि त्याबरोबर हसण्याचा लोंढा आला. कुणीतरी वरून चिकटवलं होतं. माणसं हसतात तसं नाही, डबा हलवल्यावर खडे वाजतात तसं. तिच्या प्रत्येक शब्दावर. मध्येच बकऱ्याचं बें. मध्येच पिपाणी.

"ही हसनं काढून टाक," मी म्हणालो.

"निघत नाही, आप्पा. एकात एक मिसळलेलं असतं ते."

"ज्यानं काढलं त्येच्याकडं मूळचं असंल."

मुलानं शोधलं. लय खटपट केली बिचाऱ्यानं. ज्या पोरानं ते पहिल्यांदा टिपलं होतं, तो सापडला. तो म्हणाला, मोबाईल बदलला, जुनं सगळं गेलं. मुलगा माझ्यासमोर बसून रडला. म्हणाला, "मी तिला गप्प केलं, आप्पा." मी म्हणालो, "तू एकट्यानं न्हाई." ते त्याच्या किती कामाला आलं, देव जाणे.

म्हणून ह्या पंचमीला मी एकटाच तिच्या माहेरी गेलो. वाटलं, तिथं तरी तिच्यासारखं बोलणाऱ्या बाया असतील. तिचा नाही तर तिच्या जातीचा आवाज कानावर पडेल. भावजयीनं दारात पाय धुवायला पाणी दिलं. तीही आता म्हातारी झाली आहे. जेवायला वाढलं, पण बोलली कमी. वन्संची आठवण तिलाही येत होती.

दुसऱ्या दिवशी ओढ्यावर गेलो. आधी मला वाटलं, जत्रा भरली आहे. दोन्ही काठांना काठीवर मोबाईल लावलेली पोरं. बाया नटून आलेल्या, त्यात काही हौसेनं काळा चष्मा लावलेल्या. बार सुरू झाला. हलगी तीच होती. पण बाया बोलायला लागल्या, त्या वेगळ्याच. सगळ्या त्या टीव्हीवरच्या बाप्यासारखं बोलत होत्या. तशीच कंबर, तसंच तोंड वेंगाडणं. एक पोरगी पदरात नाक शिंकरायचं सोंग करत होती आणि पोरं ओरडत होती, "परत, परत, कॅमेऱ्याकडं बघून." पाण्याला कुणी हात लावला नाही. पलीकडच्या काठाकडं कुणी बघतसुद्धा नव्हतं. मोबाईल होता तिकडं तोंड करून ह्या काठच्या बाया शिव्या देत होत्या, आणि तिकडच्या तिकडं.

मी कान लावून तिचं एखादं वाक्य शोधत होतो. भाकरीची शिवी दहा जणींनी दिली. पण त्या बाप्याच्या आवाजात. वाजंत्री वाट चुकायची, ती कुणालाच ठाऊक नव्हती. टीव्हीनं ती घेतली नव्हती ना. मग ती कुणाजवळ राहिली? माझ्याजवळ. मी मेलो की संपली.

मी बाप्यांतून पुढं गेलो. लोकांना वाटलं म्हाताऱ्याला पाणी प्यायचं असेल. मी काठाला बसलो, पाण्याला हात लावला, डोळ्याला लावला. उभा राहिलो आणि पलीकडच्या काठाकडं तोंड करून तिची शिवी म्हणालो. मग दुसरी. मग शेडवर मणी निवडताना तिनं जुळवलेली, कधी बारात न घातलेली एक. जेवढ्या आठवत होत्या तेवढ्या. त्या गावात बाप्यानं बारात तोंड उघडायचं नसतं, आणि मी तर जावई. जावयाला ह्या गावात पाटावर बसवतात.

हलगी थांबली. तेव्हा मला माझाच आवाज ऐकू आला. चिरका, म्हातारा. तिच्या तोंडातून त्या शिव्या निघायच्या तवा ओढा ओलांडून जायच्या. माझ्या तोंडातून त्या निघाल्या आणि माझ्याच पायाशी पडल्या. एक म्हातारा लोकांच्या बायकांना वाईटसाईट बोलतोय, एवढंच ते होतं. तिचं त्यात काहीच आलं नाही. मला वाटलं होतं, ती माझ्याजवळ राहिली आहे. नुसते शब्द राहिले आहेत.

मग हसणं फुटलं. दोन्ही काठांना. मोबाईल सगळे माझ्याकडं वळले.

भावजयीनं येऊन माझा दंड धरला. "दाजी, चला घरला. आवं, काय ही."

"तिच्या हायत गं त्या," मी म्हणालो.

"ठावं हाय मला. वळखल्या मी." ती मला चढावरून वर नेत होती. "पर ह्यास्नी कुनी सांगायचं? आमी आता ह्यांच्यासारखंच करतो दाजी. तसं केलं तर टाळ्या पडत्यात. वन्संवानी केलं तर पोरं म्हनत्यात, आजी, बाजूला व्हा." घरी नेऊन तिनं मला पंचमीची पुरणाची दिंडं वाढली. मी खाताना ती उंबऱ्यावर बसून राहिली. मग खाली बघत म्हणाली, "फुडल्या वरसाला नका येऊ. तुमचं हसं झालेलं मला बगवत न्हाई."

मी नाही येणार म्हणालो.

परतीच्या वाटेला फलटणच्या स्टँडवर दहिवडी, विट्याकडची एस.टी. मिळाली. गाडी भरलेली. एक बाई चढली, चाळिशीची असेल, डोक्यावर पाटी, घामानं भिजलेली. एका पोरगेल्या माणसानं शेजारच्या जागेवर पिशवी ठेवली होती. ती म्हणाली, "ए बाबा, उचल ती झोळी."

तो म्हणाला, "माणूस येणार आहे."

"येनार हाय तवा येऊ दे. मी आलीया न्हवं? का मी मानूस न्हाई, बोचकं हाय? उचल, न्हाईतर त्या झोळीवर बशीन आन् तुजं काय फुटंल त्ये फुटंल." आवाज असा खणखणीत, की मागच्या बाकावरची माणसं हसून वळली. किती दिवसांनी मी असं कुणाला बोलताना ऐकत होतो. मी पुढं सरकून बसलो. बोल, बाई, असं मनात म्हणत होतो.

त्या माणसानं पिशवी उचलली नाही. त्यानं मोबाईल काढला आणि तिच्यासमोर धरला. "बोला, मावशी. परत बोला."

त्याच्या मागं दुसऱ्यानं काढला. मग पलीकडच्या बाकावरच्या पोरीनं.

तिनं एकदा ह्या मोबाईलकडं बघितलं, एकदा त्या. तिचं तोंड उघडं होतं. ते तिनं मिटलं. पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि दांडा धरून खिडकीकडं तोंड करून उभी राहिली.

मी उठलो. म्हणालो, "बाई, हितं बसा."

"राहू द्या, बाबा," ती म्हणाली. मला वाकून ऐकावं लागलं. "उभी आहे मी."

दहिवडी येईपर्यंत ती उभीच होती.